अंधारात जीपीएस गेलं तर? रात्रीच्या हेलिकॉप्टरविषयी वाचकांचे प्रश्न

जुहूहून अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरांबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली निम्मी तरी रात्र आणि जीपीएस या दोन गोष्टींभोवती होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. आकडे समजावण्यापुरते गोल केले आहेत. उड्डाणासाठी ज्या हेलिकॉप्टरची जी पुस्तिका, तीच प्रमाण.

माझा धाकटा भाऊ मुंबई हायवर प्लॅटफॉर्मवर काम करतो. रात्री कोणाला हृदयविकाराचा झटका आला तर हेलिकॉप्टर बोलावतात म्हणे. भर समुद्रात जीपीएस बंद पडलं तर वैमानिकाला वाट कशी सापडते? – वाचक, डोंबिवली

आधी एक भीती दूर करू. जीपीएस गेलं म्हणून हेलिकॉप्टर पडत नाही. इंजिन आणि रोटर उपग्रहांवर चालत नाहीत. वेग आणि उंची हवेच्या दाबावरून मिळते. रेडिओ अल्टिमीटर 4.2 ते 4.4 गिगाहर्ट्झवर स्वतःच्याच लहरी खाली सोडतो आणि पाण्यापासूनची उंची मोजतो, त्यालाही आकाशातलं कोणी लागत नाही. कृत्रिम क्षितिज शाबूत असतं. काही नव्या यंत्रणांत त्याला जीपीएसचा थोडा टेकू असतो, तो गेला की अचूकता किंचित घटते, एवढंच. हरवतं ते फक्त एका प्रश्नाचं उत्तर: आपण नकाशावर नेमके कुठे आहोत?

ते उत्तर शोधायची सर्वांत जुनी रीत म्हणजे दिशा, वेग आणि घड्याळ. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर, म्हणजे 86 सागरी मैलांवर आहे. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. 120 नॉट वेगाने मिनिटाला 2 सागरी मैल कापले जातात, तेव्हा हा प्रवास 43 मिनिटांचा. परतताना किनारा 50 मैलांवर असताना जीपीएस गेलं तर 25 मिनिटं अंदाजाने काढायची आहेत. बाजूने 20 नॉटचा वारा असेल आणि त्याकडे काणाडोळा केला, तर या 25 मिनिटांत हेलिकॉप्टर 8 मैल बाजूला वाहून जाईल. उलट वारा ठाऊक असेल तर नाक साधारण 10 अंश वाऱ्याकडे वळवून ठेवायचं. वाऱ्याच्या अंदाजात 5 नॉटची चूक झाली तरी फरक पडतो तो 2 मैलांचा. म्हणून जीपीएस चालू असतानाच दर दहा मिनिटांनी वारा आणि स्थान कागदावर उतरवण्याची शिस्त असते. बिघाड झाल्यावर वारा कुठून आणणार?

रेडिओ साधनांबाबत मात्र एक गैरसमज दिसतो. मुंबई विमानतळावर दिशा सांगणारं व्हीओआर आणि अंतर सांगणारं डीएमई आहे, मग चिंता कशाला, असं अनेकांना वाटतं. त्यांच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला 1.23 ने गुणलं की सागरी मैलांत पल्ला मिळतो. 2,000 फुटांवर तो 55 मैल भरतो, 3,000 फुटांवर 67. मुंबई हायच्या डोक्यावर ते ऐकू यायला जवळपास 5,000 फूट उंची हवी. म्हणजे मधला बराच पट्टा असा आहे, जिथे खालून उडणाऱ्याला ही साधनं मुकीच असतात. किनाऱ्यावरच्या रडारलाही तीच अडचण.

एनडीबी हे जमिनीवरून लहरी सोडणारं जुनं साधन कमी कंप्रतेवर चालतं. त्याच्या लहरी पृष्ठभागाला धरून जातात, म्हणून ते खाली उडतानाही मिळतं. पण रात्री, त्यातही संध्याकाळी आणि पहाटे, याच लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होऊन दुसऱ्या वाटेनेही पोचतात आणि एनडीबीची दिशा दाखवणारा एडीएफचा काटा डोलू लागतो. दूरवर असताना रात्रीचा काटा एका नजरेत वाचू नये. तो अर्धा मिनिट पाहावा, कोणत्या दोन टोकांमध्ये झुलतो ते बघावं आणि मधलं घ्यावं.

समुद्रावर खरा भरवसा नाकातल्या हवामान-रडारचा. त्याला भूपृष्ठ दाखवणाऱ्या पद्धतीत टाकलं की किनाऱ्याची रेघ ठळक उमटते. वसईची खाडी, मुंबई बंदराचं तोंड ओळखू येतं. प्लॅटफॉर्मही ठिपक्यांसारखे दिसतात, पण कोणता ठिपका कोणता, हे रडार सांगत नाही. चुकीच्या प्लॅटफॉर्मच्या डेकवर उतरणं हा या धंद्यातला जुना आणि जगभरचा दोष आहे. तिथे कधी क्रेन फिरत असते, तर कधी वायू सोडणं चालू असतं.

यातूनच ठरतं की पुढे जायचं की मागे फिरायचं. पूर्वेकडे परतणाऱ्याला अख्खी कोकणपट्टी आडवी पसरलेली आहे, चुकणार कुठे? पश्चिमेकडे जाणाऱ्याला समुद्रातला एक बिंदू गाठायचा असतो. त्यामुळे जाताना निम्म्या वाटेत जीपीएस गेलं आणि स्थान पडताळायला दुसरं स्वतंत्र साधन हाताशी नसलं, तर परत फिरणं हाच निर्णय आमच्या मते योग्य. रोगी तिकडे वाट पाहत असला तरी. रडारवरून प्लॅटफॉर्मकडे उतरण्याची पद्धत आहे. युरोपीय नियमांत तिची किमान उंची दिवसा 200 फूट, रात्री 300 फूट असते, आणि प्लॅटफॉर्मपासून पाऊण मैलावर तो दिसला नाही तर वळून वर चढायचं असतं. पण ठिपक्याची ओळख आधीच पक्की झालेली असेल तरच त्या वाटेला जावं.

मी हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण घेतोय. रात्री जीपीएस गेल्यावर पहिल्या मिनिटात काय करायचं, याचा क्रम सांगाल का? – वाचक, नाशिक

पडद्याला हात लावू नका. क्रमातली पहिली पायरी हीच, आणि सर्वांत अवघडही.

कारण असं. रात्री समुद्रावर बाहेर क्षितिज नसतं. सेकंदाला सुमारे 2 अंशांपेक्षा हळू होणारा कल आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाला जाणवतच नाही. तुम्ही मान खाली घालून दहा सेकंद मेनू चाळलेत, तर तेवढ्यात हेलिकॉप्टर 20 अंशांनी कललेलं असू शकतं आणि तुम्हाला ते सरळच वाटत असतं. मग मान झटक्यात वर केली की डोकं गरगरतं. हेलिकॉप्टर स्वभावतःच अस्थिर असल्याने ही चूक विमानापेक्षा लवकर अंगाशी येते.

म्हणून कामाची वाटणी आधी करा. एकाने फक्त उडवायचं, दुसऱ्याने फक्त शोधायचं, आणि ही वाटणी मोठ्याने बोलून ठरवायची. ऑटोपायलट जीपीएसच्या मार्गाला बांधलेला होता. तो आता बहुधा त्यातून निघाला असेल. काही यंत्रणा यावेळी घंटा वाजवतात, काही निमूटपणे फक्त कल शून्यावर धरून बसतात आणि वाऱ्याबरोबर वाहत जातात. हेडिंगचा बग (ऑटोपायलटला दिशा नेमून देणारी खूण) सध्याच्या दिशेवर आणा, हेडिंग आणि उंची हे दोन मोड दाबा आणि ते लागल्याचं पडद्यावर वाचून खात्री करा. बटण दाबलं म्हणजे मोड लागला, असं धरू नका.

लगेच घड्याळ पाहून वेळ लिहा आणि शेवटचं खात्रीचं स्थान लिहा. पुढचं सगळं गणित या दोन नोंदींवर उभं राहतं. त्या भागाची सुरक्षित किमान उंची गाठलेली नसेल तर चढा. उंचीने अडथळे टळतात आणि व्हीओआर, रडार, रेडिओ यांचा पल्लाही वाढतो. डेककडे उतरताना सिग्नल गेला असेल तर चर्चेला वाव नाही. सरळ राहून, शक्ती वाढवून, चढाईच्या ठरलेल्या वेगाने वर जायचं. हवेत स्थिर ठेवणारा किंवा जमिनीवरचा वेग धरणारा मोड वापरात असेल तर विशेष सावध राहा. अनेक हेलिकॉप्टरांत त्याला जीपीएसकडून वेग मिळतो आणि तो पुरवठा तुटला की मोड गळतो.

त्यानंतर नियंत्रण कक्षाला कळवा. ठरलेले शब्द आहेत: ‘अनेबल आरएनपी, ड्यू टू लॉस ऑफ रेम’. म्हणजे ठरलेल्या अचूकतेने मार्ग धरता येत नाही, कारण जीपीएसची स्वतःची पडताळणी (रेम) गेली आहे. दिशा हवी असेल तर रडारची मदत स्पष्ट शब्दांत मागा. हेही ध्यानात ठेवा की तुम्ही कुठे आहात ते आपोआप कळवणारं एडीएस-बी प्रक्षेपण जीपीएसचंच स्थान पाठवतं, म्हणजे त्यांच्याकडची ती खूणही गेलेली असू शकते. दुय्यम रडारला ट्रान्सपॉन्डरचा (रडारच्या हाकेला उत्तर देणाऱ्या यंत्राचा) प्रतिसाद मात्र पल्ल्यात असाल तर मिळत राहतो.

एवढं झाल्यावर शोधणाऱ्याने उपग्रहांचं पान उघडावं. स्थान आणि उंचीसाठी किमान 4 उपग्रह लागतात, त्यातला एखादा चुकतोय हे कळायला 5, आणि चुकणाऱ्याला वगळून पुढे जायला 6. दोन्ही रिसीव्हर एकदम गेले की एकच, हे कळलं तर अर्धं निदान झालं. एकच गेला असेल तर दोष बहुधा तुमच्या यंत्रात आहे.

रिसीव्हर बंद करून पुन्हा चालू करण्याचा मोह होईल. चेकलिस्ट सांगत नसेल तर करू नका. सिग्नल क्षणभर तुटला असेल तर चालू रिसीव्हर काही सेकंदांत तो पुन्हा पकडतो. बंद केलात तर त्याला उपग्रहांची कक्षा नव्याने ऐकावी लागते. ती माहिती दर 30 सेकंदांनी येते, आणि सगळ्या उपग्रहांचं पूर्ण पंचांग यायला 12.5 मिनिटं लागतात. सिग्नल आधीच लुळा असेल तर ही माहिती अर्धवट येते आणि तुम्ही होतं तेही घालवून बसता.

सिग्नल जाणं आणि खोटा सिग्नल येणं यात जास्त वाईट काय? – वाचक, पुणे

खोटा. गेलेल्या सिग्नलची निदान सूचना मिळते. खोट्या सिग्नलवर पडदा हिरवागार असतो, नकाशा चालू असतो आणि हेलिकॉप्टर दुसरीकडेच जात असतं.

रात्री खिडकीतून पडताळा घेता येत नाही, म्हणून आकड्यांचा आपसातला मेळ पाहायचा. हवेतला वेग 120 नॉट, वारा समोरून 15 नॉट, आणि जमिनीवरचा वेग 170 दिसतोय? शक्य नाही. यंत्राने काढलेला वारा अचानक 90 नॉट झाला, घड्याळ मिनिटांनी किंवा तासांनी सरकलं, दाबावरची उंची आणि जीपीएसची उंची यांतलं अंतर एकाएकी वाढलं, खाली सपाट समुद्र असताना ‘टेरेन’ची, म्हणजे जमीन जवळ आल्याची, हाकाटी सुरू झाली, तर संशय घ्या. इशारा आला की आधी रेडिओ अल्टिमीटर पाहा. सुरक्षित उंचीच्या खाली असाल तर मात्र इशारा खराच धरून चढायचं, वाद नंतर.

दोन जीपीएस एकच गोष्ट सांगतात म्हणून निर्धास्त होऊ नका. दोघांनी एकाच खोटारड्याचं ऐकलं असेल तर ते दोन साक्षीदार नव्हेत. पडताळा वेगळ्या तत्त्वावरच्या साधनाशीच घ्यायचा: व्हीओआर, डीएमई, रडार, कंपास आणि घड्याळ. संशय पक्का झाला की पुस्तिकेप्रमाणे जीपीएसला मार्गदर्शनातून वगळा. खोट्या सिग्नलच्या पट्ट्यातून बाहेर पडल्यावरही काही यंत्रं ताळ्यावर येत नाहीत. जमिनीवर पूर्ण वीज बंद करूनच ती शुद्धीवर येतात.

हा धोका आपल्यापासून दूर राहिलेला नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) 2023 च्या नोव्हेंबरात यावर परिपत्रक काढलं होतं. 2025 च्या नोव्हेंबरात दिल्ली विमानतळाजवळ असे प्रकार झाल्यावर 10 मिनिटांत कळवण्याचे आदेश निघाले.

रात्रीचा आणि जीपीएसचा काही संबंध आहे का, की निव्वळ योगायोग? – वाचक, रत्नागिरी

आहे, आणि तो आपल्याकडे युरोपपेक्षा ठळक आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. सूर्य मावळल्यावर त्या पट्ट्यात आयनांबराच्या खालच्या थरातून विरळ प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) बुडबुडे वर उसळतात आणि उत्तर-दक्षिण पसरतात. त्यांतून येताना उपग्रहाचा सिग्नल लुकलुकतो, कधी 20 डेसिबल किंवा जास्तही खाली जातो. वेळ साधारण सायंकाळी साडेसातपासून मध्यरात्रीपर्यंत, महिने मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, आणि सूर्यावरचे डाग वाढलेली वर्षं अधिक वाईट. नवी मुंबईत पनवेलला मुख्यालय असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था याच विषयावर काम करते.

याचा परिणाम बहुतेकदा एकेका उपग्रहावर होतो. आठ-दहा उपग्रह दिसत असतील तर दोन लुकलुकले तरी स्थान टिकतं. हेलिकॉप्टर दरीत असेल किंवा वळताना कललं असेल आणि मुळात पाच-सहाच दिसत असतील, तर हेच दोन महागात पडतात.

मी एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक्स) शिकते. तक्रार अशी की एकाच हेलिकॉप्टरचं जीपीएस अधूनमधून जातं, बाकीच्यांचं नाही. कुठून सुरुवात करायची? – वाचक, ठाणे

वैमानिकाला तीन प्रश्न विचारून. कोणत्या दिशेला आणि किती कललेलं असताना गेलं? त्या क्षणी कोणी रेडिओवर बोलत होतं का? कॉकपिटमध्ये नवीन काय आलंय? या तीन उत्तरांत बहुतेक दोष सापडतो आणि पेटीला हातही लावावा लागत नाही.

मुळात हा सिग्नल किती दुबळा आहे ते ध्यानात ठेवा. 20,200 किलोमीटरवरून येताना तो इतका विरतो की एका वॅटचे कोटी अब्ज भाग केले तर त्यातला एक अँटेनापर्यंत पोचतो. तेव्हा शेजारचं कोणतंही यंत्र त्याला सहज दाबून टाकतं.

रेडिओवर बोलतानाच जात असेल तर गुणाकार करून पाहा, कारण रेडिओची थोडी ऊर्जा त्याच्या कंप्रतेच्या पटींवरही सांडते. जीपीएसची कंप्रता 1575.42 मेगाहर्ट्झ. 121.186 ला 13 ने गुणा, 131.285 ला 12 ने गुणा, दोन्ही वेळा तिथेच येतं. म्हणून चाचणी 121.150, 121.175, 121.200 आणि 131.250, 131.275, 131.300 या कंप्रतांवर घेतात. हेलिकॉप्टर मोकळ्या आकाशाखाली ठेवायचं, हँगरमध्ये नाही. नियंत्रण कक्षाची परवानगी घ्यायची, प्रत्येक कंप्रतेवर अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त प्रक्षेपण करायचं आणि उपग्रहांच्या पानावर सिग्नलचे आकडे पडतात का ते पाहायचं. पडत असतील तर अँटेनांमधलं अंतर, केबलचं आवरण किंवा गाळणी, यांत दोष. दुसऱ्या रेडिओने तीच चाचणी पुन्हा घ्या. आणीबाणीच्या लोकेटर बीकनचा अँटेनाही रेडिओची ऊर्जा पकडून परत फेकू शकतो. त्याची केबल काढून फरक पडतो का पाहा, आणि काम झाल्यावर ती जोडल्याची सही करूनच हेलिकॉप्टर सोडा. उपग्रह-फोन 1,626 मेगाहर्ट्झच्या आसपास प्रक्षेपण करतो. तोही शेजारीच, म्हणून त्याचा अँटेना लांब हवा.

समुद्रावर उडणाऱ्या हेलिकॉप्टरांत माझा पहिला संशय केबलच्या टोकावर असतो. टीएनसी कनेक्टर उघडून हिरवट गंज शोधा. अँटेनाच्या बुडाचं सीलंट तडकलं की खारं पाणी केशनलिकेसारखं आत ओढलं जातं, कोरड्या दिवशी सगळं ठीक आणि पावसात सिग्नल गुल. अँटेनाचा ढाच्याशी असलेला विद्युत जोड मिलिओहममध्ये मोजा. अँटेनाला रंग फासलेला नाही ना, तेही बघा. रंगाऱ्याने उत्साहात फासलेला धातुयुक्त रंग हा अगदी खरा दोष आहे.

रोटरची पाती अँटेनावरून जातात. चार पाती आणि मिनिटाला 390 फेरे असतील तर सेकंदाला 26 वेळा. आजचे रिसीव्हर हे सहन करतात. तरी जमिनीवर, रोटर थांबलेला असताना सगळं उत्तम आणि हवेत वाईट असेल, तर एक चाचणी रोटर फिरता ठेवून घ्या.

आणि स्वस्त मोबाइल-चार्जर. आधी तो उपटून पाहा.

शेवटचं: हँगरमध्ये जीपीएस रिपीटर (बाहेरचा सिग्नल आत पुन्हा सोडणारं यंत्र) असेल तर काम झाल्यावर तो बंद करा. दार उघडं राहिलं तर बाहेरच्या विमानांना तो हँगरचं स्थान शिकवतो. जर्मनीत हॅनोव्हरच्या विमानतळावर हे घडलेलं आहे.

मी नॉर्वेत ट्रॉम्सोला शिकतो. इथे ईशान्येच्या फिनमार्क प्रांतात जीपीएस रोजच जातं असं ऐकतो, पण गाडीतलं तर नीट चालतं. मग एअर अँब्युलन्सच्या हेलिकॉप्टरांचं काय? – वाचक, ट्रॉम्सो

तुमच्या गाडीला डोंगराची आड आहे. पूर्वेकडून, रशियाच्या बाजूने येणारा अडथळाही सरळ रेषेतच प्रवास करतो, म्हणून तो उंचावरच्या विमानांना गाठतो आणि दरीतल्या रस्त्याला नाही. तिथल्या हेलिकॉप्टर-वैमानिकाची पंचाईत हीच: सुरक्षिततेसाठी चढावं तर अडथळ्यात शिरतो, सिग्नलसाठी उतरावं तर काळोखातल्या कड्यांमध्ये. फिनमार्कमधल्या किर्केनेसला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्यच उगवत नाही.

त्यामुळे हवामान स्वच्छ असेल तर तिथे रात्र-दृष्टी चष्म्यांवर भर असतो. त्यांना उपग्रह लागत नाहीत. पण त्यातून एका वेळी 40 अंशांचंच दृश्य दिसतं, मान सतत फिरवावी लागते, आणि ढगात शिरलात तर चष्म्याचा उपयोग संपला. ढगातून उपग्रहांच्या आधारे उतरण्याची वाट अडथळ्याच्या दिवशी आखूच नये. पर्यायी ठिकाण असं हवं की जिथे आयएलएस (धावपट्टीकडे उतरवणारी जमिनीवरची रेडिओ यंत्रणा) किंवा व्हीओआर आहे, आणि तिथवर जाऊन वर 30 मिनिटांचं इंधन उरलं पाहिजे. जमिनीवरची साधनं काढून टाकली की काय होतं ते एस्टोनियात दिसलं. टार्टूला फक्त जीपीएसवरची उतरण होती, म्हणून फिनएअरने 2024 च्या एप्रिलअखेर तिथली उड्डाणं महिनाभर थांबवली.

तुमच्याच भागात, आंडोयावर ब्लाइक गावी 2022 पासून मुद्दाम सिग्नल बिघडवून यंत्रं तपासण्याचा मोठा प्रयोग होतो.

आपलं नाविक आणि गगन असताना जीपीएसची काळजी कशाला? – वाचक, नागपूर

गगन हे जीपीएसच्या चुका दुरुस्त करतं, पण त्याच 1575.42 मेगाहर्ट्झवर. जीपीएस दाबलं गेलं की गगनही दाबलं जातं. नाविक या भारताच्या स्वतःच्या उपग्रह-यंत्रणेच्या मूळ सेवा 1176.45 आणि 2492.028 मेगाहर्ट्झवर आहेत, ही जमेची बाजू. पण तुमच्या हेलिकॉप्टरात प्रमाणित बसवलेला रिसीव्हर ते ऐकत नसेल तर त्याचा तिथे उपयोग नाही.

पर्याय म्हणून वैमानिक खिशातला मोबाइल का वापरत नाहीत? – वाचक, सातारा

तोही तेच उपग्रह ऐकतो. शिवाय सिग्नल गेल्यावर शेवटचं स्थान तो बराच वेळ तसाच दाखवत राहतो. 120 नॉटला पाच मिनिटं जुना ठिपका 10 मैल मागे असतो. टॅब्लेटवर साठवलेला नकाशा, तोही मंद प्रकाशात, जरूर ठेवावा. त्यावरच्या निळ्या ठिपक्यावर उतरण ठरवू नये.

आमच्या मालवाहू गाड्यांना मालकांनी ट्रॅकर लावलेत. काही चालक बाजारातून छोटं यंत्र आणून ते बंद पाडतात. याने विमानांना खरंच त्रास होतो? – वाचक, कोल्हापूर

होतो. अमेरिकेत न्यूअर्क विमानतळाशेजारच्या महामार्गावरून जाणाऱ्या एका चालकाच्या अशाच यंत्रामुळे विमानतळावरची उपग्रहाधारित उतरण-यंत्रणा बिघडत होती. 2013 मध्ये त्याला जवळपास 32,000 डॉलरचा दंड ठोठावण्यात आला. ट्रॅकर हातभर अंतरावर असतो, पण यंत्राची ताकद तेवढ्यावर थांबत नाही. रुग्णालयाच्या आवारात किंवा रस्त्यालगतच्या मैदानावर रात्री उतरणारं हेलिकॉप्टर त्याच्या टापूत सहज येतं. भारतात सरकारी परवानगीशिवाय असं यंत्र वापरणं आणि विकणं, दोन्ही बेकायदा आहे. गाडीच्या सिगारेट-लायटरच्या खोबणीत छोट्या अँटेनाची डबी दिसली तर आधी ती काढायला लावा, ट्रॅकरवरून मालकाशी असलेलं भांडण मग भांडा.